बर्फावरची गाडी

आपल्या सातारा-सांगलीकडे बर्फ दिसलेच तर कडाक्याच्या थंडीत महाबळेश्वरला, वेण्णा तलावाकाठी, गाड्यांच्या टपांवर गोठलेल्या दवाच्या रूपात. पण इकडची पोरे सैन्यात ड्रायव्हर होऊन लडाखला जातात, तेव्हा पसरणीच्या घाटात तयार झालेला हात नव्याने शिकवावा लागतो.

जोजिला खिंड साडेअकरा हजार फुटांवर. तेथे खरा घातकी म्हणजे डोंगराच्या सावलीत गोठलेला पातळ थर. तो ओल्या डांबरासारखाच दिसतो! त्यावर जोरात ब्रेक दाबला की चाके थांबतात, गाडी मात्र घसरतच राहते. म्हणून अगोदरच खालचा गिअर टाकायचा. मागचा भाग ज्या बाजूला घसरेल त्याच बाजूला स्टिअरिंग हलके वळवायचे. उलटे वाटते, पण गाडी सरळ होते ती त्यानेच. इंजिनाचा जोर ज्या चाकांवर, त्यांना साखळ्या बांधतात. रात्री हँडब्रेक ओढत नाहीत, तो गोठून बसतो. गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावतात.

डिझेलही थिजते. उणे 33 अंशांतही न थिजणारे डिझेल इंडियन ऑइलने 2019 साली लडाखसाठी आणले. त्याआधी टाकीखाली शेकोटी पेटवीत, तेही जिवावरचेच काम.

हिमवृष्टीने खिंड बंद झाली की गाड्या अडकून पडतात. अशा वेळी पोराचा फोन आला नाही, तर घरच्यांनी लगेच वाईट शंका घेऊ नये.