पटावरील बाजीप्रभू : नायक-सोंगटीच्या मूल्यमापनाचे निकष

दिवाळीत मोडनिंबसारख्या गावांतही मुले मातीचा किल्ला रचून त्यावर मावळ्यांची चित्रे मांडतात. या मांडणीस नियम, फासे व गुणमूल्ये यांची जोड दिली की तिचा युद्धखेळ होतो. एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातील शिपायांच्या लढाईचे नियम मांडले होते. एखाद्या हौशी खेळाडूने बाजीप्रभू देशपांडे यांची नायक-सोंगटी रचल्यास तिचे मूल्य कसे ठरवावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पहिला निकष कार्याचा. 13 जुलै 1660 रोजी घोडखिंडीत शत्रूचा संहार हे साध्य नव्हते. शिवाजी महाराज विशाळगडी पोहोचेपर्यंत वाट रोखणे हे साध्य होते. म्हणून मारकशक्तीपेक्षा रोखलेल्या फेऱ्या मोजाव्यात.

दुसरा निकष भूभागाचा. अरुंद खिंडीत मोठ्या सैन्यातीलही थोडेच लोक एका वेळी भिडू शकतात. मैदानात हा लाभ उरत नाही. तेथे सोंगटीचे मूल्य घटले पाहिजे.

तिसरा निकष गुणसंयोगाचा. बुद्धिबळात हत्ती 5 व उंट 3 गुणांचा. परंतु दोघांच्याही चाली असणारा वजीर 8 नव्हे, तर 9 गुणांचा मानला जातो. चिवटपणा व वाट रोखण्याची शक्ती एकत्र आल्यास केवळ बेरीज पुरत नाही. ठरविलेले मूल्य बाजू बदलून अनेक डावांत तपासणे आवश्यक ठरते.

सारांश, आदरापोटी सोंगटी अजिंक्य केल्यास खिंड आणि सोबतचे मावळे निरर्थक ठरतात. त्यात खेळाचा तोल जातो आणि बलिदानाचा अर्थही हरवतो.