धातुशोधक यंत्राची झिजलेली तार

शिरपूरच्या बाजारांत कापसाच्या गाड्या येऊं लागल्या म्हणजे जिनिंगच्या कारखान्यांत एका गोष्टीची मोठी धास्ती असते. कापसांत एखादा खिळा, नट अथवा विळ्याचा तुकडा राहून गेला आणि तो यंत्राच्या दांत्यांत सांपडला, तर ठिणगी उडते. व कापूस आणि ठिणगी यांची गांठ पडल्यावर काय होतें हें खानदेशांतील वाचकांस सांगावयास नको. असें लोखंड वेळींच हेरण्यासाठीं लोहचुंबक व धातुशोधक यंत्रें यांचा उपयोग होतो. याच जातीचें, पण दांडीच्या टोंकाला थाळीसारखें चाक असलेलें यंत्र पोलिसांच्या बाँबशोधक पथकाच्या हातीं यात्रेच्या किंवा निवडणुकीच्या बंदोबस्तांत पुष्कळांनीं पाहिलें असेल. त्या थाळीपासून हातांतील पेटीपर्यंत दांडीला वळसे घेत जी काळी तार जाते, तिजविषयीं येथें चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय क्षुल्लक वाटेल. तसा तो नाहीं.

थाळींत तांब्याच्या तारेचीं बहुधा दोन वेटोळीं असतात. एकांतून सेकंदास हजारों वेळां दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह वाहतो, व त्यामुळें भोंवतीं चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. दुसरें वेटोळें अशा खुबीनें बसविलेलें असतें कीं, जवळ धातु नसतां त्यांत जवळ जवळ कांहींच प्रवाह उमटूं नये. धातु जवळ आली कीं तिच्या आंगीं लहान लहान प्रवाह फिरूं लागतात, तराजूचें पारडें ढळावें तसा हा तोल ढळतो, आणि पेटी आवाज करते. दुसऱ्या वेटोळ्यांतील हा प्रवाह अत्यंत क्षीण असतो. तो पेटीपर्यंत सुखरूप पोंचविणें हें त्या काळ्या तारेचें काम. म्हणूनच तिच्या पोटांतील बारीक तारांभोंवतीं आणखी एक धातूची जाळी अथवा पत्रा गुंडाळलेला असतो. बाहेरील विजेच्या तारांची गुणगुण ती जाळी आंत शिरूं देत नाहीं.

ह्या यंत्राचा जन्मच मोठ्या कसोटीच्या प्रसंगीं झाला. 2 जुलै 1881 रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांजवर गोळी झाडली गेली, आणि ती शरीरांत कोठें आहे हें डॉक्टरांस कळेना. टेलिफोनमुळें विख्यात झालेले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं वेटोळ्यांचें एक तोलयंत्र तयार करून दोन वेळां त्यांची तपासणी केली. पहिल्या खेपेस यंत्राच्या जोडणींतच एक दोष राहिला होता, व कानीं नुसती खरखर येत राहिली. दुसऱ्या खेपेस अंथरुणांतील पोलादी स्प्रिंगांनीं घोंटाळा केला. शिवाय डॉक्टरांनीं शरीराची उजवीच बाजू तपासूं दिली, आणि गोळी तर होती डावीकडे. 19 सप्टेंबर रोजीं अध्यक्षांचें निधन झालें. यंत्राचें तत्त्व खरें होतें. परंतु एक सदोष जोडणी उत्तम तत्त्वासहि कसें निरुपयोगी करते, याचें ह्याहून मोठें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

पुढें दुसऱ्या महायुद्धांत पोलंडचे एक अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनीं 1941 सालीं सैनिकास हातीं धरून चालतां येईल असा सुरुंगशोधक सिद्ध केला, व 1942 च्या ऑक्टोबरांत एल् अलामीनच्या रणांगणावर तो उपयोगांत आला. सुरुंग म्हणजे काय हें मराठी माणसासहि परकें नाहीं. आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील निमज गांवचे शिपाई नामदेव जाधव यांनीं 9 एप्रिल 1945 रोजीं इटलींतील सेनिओ नदीवर आपले दोन जखमी सोबती खोल पाण्यांतून, उंच कांठावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यांतून बाहेर आणले. त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा पट्ट्यांत वाट शोधणाऱ्याच्या हातचें यंत्र गप्प राहिलें, तर तें खालीं कांहीं नाहीं म्हणून गप्प आहे, कीं तार तुटली म्हणून? बंद पडलेली मोटार निदान जागची हलत नाहीं. तुटक्या तारेचा शोधक मात्र 'सर्व ठीक' असाच भास करून देतो.

तार झिजते कशी, हें मोबाइलच्या चार्जरवरून मुलांच्या ध्यानीं येईल. चार्जरची तार मधोमध क्वचित् तुटते. तुटते ती टोंकापाशीं, जेथें वांकण्याचा सर्व ताण एकाच जागीं येतो. येथेंहि तसेंच. थाळींत तार शिरते ती जागा, व पेटीजवळचा पिनांचा जोड, ह्या दोन जागा प्रथम तपासाव्या. दांडी मिटतांना व उघडतांना तारेस दरवेळीं पीळ बसतो, आणि आंतील बारीक तंतु एकेक करून तुटूं लागतात. त्यांत खानदेशांतील वैशाखाचें ऊन! वरचें वेष्टण कडक होऊन त्यास चिरा पडतात, आणि पावसाळ्यांत त्यांतून ओल शिरते. उंदरांचा उपद्रव निराळाच.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं दोष तारेचाच आहे याची खात्री करावी, कारण आपल्या भागांत एक विशेष फसगत संभवते. आपली काळी जमीन ज्या कातळापासून झाली त्या काळ्या दगडांत लोहचुंबकाचे सूक्ष्म कण असतात. त्यामुळें येथें निर्दोष यंत्रहि उगाच कुरकुर करतें. यास्तव थाळी जमिनीपासून दूर, हवेंत स्थिर धरावी व तार हलवून पाहावी. आवाज तारेबरोबर येत असेल तर दोष तारेंत. थाळी जमिनीकडे नेतांनाच येत असेल तर तो मातीचा गुण, आणि त्यावर उपाय तार कापणें हा नव्हे. सैल लोंबणारी तारहि खोटा आवाज देते, कारण तींतच तांबें आहे. अशी तार नीट आंवळून बांधली कीं पुष्कळदां रोग तेथेंच बरा होतो.

खरोखर तुटली असल्यास प्रथम बॅटरी काढावी. मल्टिमीटर पिनांस लावून तार बोटाबोटानें वांकवीत जावें. जेथें कांटा उडी मारील तेथें तुटलेलें आहे. कोणता रंग कोणत्या पिनेस जातो हें कापण्यापूर्वीं कागदावर लिहून ठेवावें. ह्या एका कामाचा कंटाळा पुढें फार महाग पडतो. मग तुटका भाग कापून टाकावा, उष्णतेनें आकसणारी नळी आधींच तारेंत ओंवून ठेवावी, व रंगास रंग जोडून डाख द्यावा. सांधे एकाच जागीं येऊं नयेत. एक थोडा वर, एक थोडा खालीं असावा, म्हणजे गांठ होत नाहीं व ते एकमेकांस लागत नाहींत. डाख देतांना राळच वापरावी. कल्हईवाल्याचा नवसागर भांड्यास ठीक, पण तो मागें राहिला तर बारीक तार हळूहळू खाऊन टाकतो. बाहेरची जाळीहि न विसरतां जोडावी, आणि ती आंतील तारांस कोठेंहि लागूं देऊं नये. नुसती चिकटपट्टी गुंडाळणें ही दुरुस्ती नव्हे. आपल्या विहिरींवरील मोटारींच्या तारा पाहाव्या!

घरांतील घंटेची वायर मधें जोडण्याचा मोह टाळावा. तारेची जात व लांबी बदलली कीं तिची विद्युत् सांठविण्याची शक्ति बदलते व वेटोळ्यांचा तोल बिघडतो. दोन चार बोटें तार कमी झाल्यानें बिघडत नाहीं. तूट थाळीच्या आंत, ओतून घट्ट केलेल्या भागांत असेल, तर शिकाऊ माणसानें तेथें हात न घालतां थाळीच बदलावी. आणि ज्या यंत्रावर कोणाचा जीव अवलंबून आहे, त्याची दुरुस्ती तज्ज्ञांकडेच सोंपवावी.

काम पुरें झाल्यावर थाळीपाशीं तारेस थोडी ढील ठेवून ती दांडीस बांधावी. मग पांच रुपयांचें नाणें लांकडी बांकावर ठेवून, दुसऱ्या हातानें तार हलवीत थाळी त्यावरून फिरवावी. नाण्यावर दरवेळीं आवाज, इतरत्र शांतता, असें झालें म्हणजे दुरुस्ती साधली. हा नाण्याचा प्रयोग यंत्र हातीं घेतांना दररोज करावा. यंत्र दुरुस्त झालें म्हणून तापीकांठचीं जुनीं पांढरीचीं टेकाडें उकरावयास मात्र कोणी निघूं नये. प्रकाशें येथें 1954-55 सालीं उत्खनन झालें तें थराथराची नोंद ठेवून. शिवाय 1878 च्या कायद्याप्रमाणें जमिनींत सांपडलेलें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें धन जिल्हाधिकाऱ्यांस कळवावेंच लागतें.