उद्दिष्ट हुकलं, तर पुढे काय?
दिव्यांग मुलाच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात ‘वर्षअखेर दोन अंकी बेरीज’ असं लिहिलेलं असतं आणि मार्च उजाडला तरी बेरीज जमत नाही. अशा वेळी ‘याला येतच नाही’ हा शेरा सर्वांत घातक. बहुतेकदा चुकलेलं असतं ते पायरीचं माप. अकलूजच्या ऊसपट्ट्यातल्या मुलाला मोळी ठाऊक असते. दहा काड्यांची मोळी बांधून त्याच्या हातात द्या, सुट्या काड्या शेजारी ठेवा. आधी नुसत्या मोळ्या मोजू द्या, मग सुट्या, मग दोन्ही मिळून. कोणती पायरी मदतीशिवाय जमली ते तारखेनिशी लिहा. आराखडा त्या नोंदीवरूनच बदलायचा असतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ मध्ये प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवणं अपेक्षित आहे. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक यांची तरतूद कलम १७ मध्ये आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास ६ ते १८ वयापर्यंत शिक्षण मोफत.

पालकांनो, आराखड्याची प्रत मागून घ्या. शाळेत दाद लागली नाही तर तालुक्याच्या, म्हणजे अकलूजकरांनी माळशिरसच्या, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच जपून ठेवा.