जुन्या गाडीला इंजेक्शन – भाग 6 : पंपाची जागा टाकीत

प्रीमियर पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनाच्या अंगालाच बसलेला असे. कॅमशाफ्टच्या धक्क्याने त्याचा पडदा खालीवर होई आणि मागच्या टाकीतलं पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरला पुरवी. दाब जेमतेम पाव बार. भर उन्हाळ्यात घाट चढताना गाडी बंद पडली, की चालक बॉनेट उघडून त्या पंपावर ओलं फडकं टाकत. पंपातल्या पेट्रोलची वाफ झालेली असे, आणि वाफ ओढून इंजिन चालत नाही.

पद्मिनीत इंजेक्शनचं इंजिन बसवताना हा पंप निघतो आणि त्याच्या जागी विजेचा येतो. आता लागतो सुमारे तीन बार दाब, म्हणजे आधीच्या दहा-बारा पट. कवठे येमाईच्या शेतकऱ्याला पुढची गोष्ट विहिरीवरून ठाऊक आहे: काठावरची मोटर सहा-सात मीटरच्या खालून पाणी ओढताना दमते, पाण्यात बुडवलेली पाणबुडी मोटर तेच पाणी कितीतरी उंच ढकलते. पेट्रोल तर पाण्याहून नाजूक. त्यातले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात; ओढताना दाब घटला की त्याहूनही आधी. म्हणून पंप टाकीत, पेट्रोलात बुडालेला असावा. तिथे पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. ठिणगीची भीती अनेकांना वाटते. पण पंपाच्या आत पेट्रोल भरलेलं असतं, आणि जळायला लागणारी हवा तिथे नसते.

किती मोठा पंप? आपल्या शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या कारखान्यात बनलेल्या ग्रँड पुंटोचं 1.2 लिटरचं फायर इंजिन धरू, ताकद 68 अश्वशक्ती. पूर्ण ताकदीवर दर अश्वशक्तीला तासाला साधारण पाव किलो पेट्रोल लागतं. म्हणजे 17 किलो, सुमारे 23 लिटर. ई20 पेट्रोलमुळे सात-आठ टक्के जास्त, म्हणजे 25. वर तीस टक्के राखीव धरले तरी 33 लिटर. बाजारात मात्र 255 लिटरचा पंप कौतुकाने पुढे केला जातो. जास्तीचं पेट्रोल गोल फिरून तापून टाकीत परततं. परतीची नळी बारीक असेल तर रेग्युलेटरला ते आवरत नाही आणि दाब चढतो. खोक्यावरचा आकडा कोणत्या दाबाला आणि किती व्होल्टला आहे, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जुन्या वायरीतून पंपापर्यंत साडेअकरा व्होल्टच पोचले, तर चांगला पंपही कमी देतो. म्हणून बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर, फ्यूज आणि रिले. आणि इंजिन थांबलं की पंप थांबलाच पाहिजे. अपघातात हेच जीव वाचवतं.

ई20 चा विचार इथे टाळता येत नाही. याच पट्ट्यातल्या उसापासून बनणारं इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, पाणी शोषतं आणि गंजलेल्या टाकीतली खपली सोडवतं. म्हणून टाकी आधी उतरवून धुवा. टाकीत बुडणारी नळी बुडण्यासाठीच बनवलेली हवी, एसएई जे30 आर10 दर्जाची. बाहेरच्या आर9 नळीचा तुकडा आत टाकला, तर बाहेरून भिजून ती चिरते. पंपाआधी जाडसर जाळी, पंपानंतर बारीक फिल्टर. हा क्रम उलटला, की पंपाला पुन्हा ओढावं लागतं.

पद्मिनीची टाकी इंजेक्शनसाठी बनलेली नाही, तिला आतून आडपडदे नाहीत. पाव टाकीवर वळण घेताना पेट्रोल एका बाजूला जातं, पंप हवा गिळतो आणि इंजिन अडखळतं. उपाय आत बसणारी वाटी किंवा बाहेर छोटी दुय्यम टाकी. पंप बाहेरच ठेवायची वेळ आली, तर तो टाकीच्या तळाहून खाली, सायलेन्सरपासून दूर आणि रबरी बुशवर असावा. तरी गाडीचा सर्वांत खालचा भाग तो ठरू नये. उसाच्या ट्रॉल्या जाणाऱ्या रस्त्यांवर दगड तळाला लागतातच.

सगळं जोडल्यावर इंजिन सुरू न करता फक्त पंप चालवा, गेज लावून दाब पाहा आणि प्रत्येक सांध्यावर बोट फिरवा. हाताशी अग्निशामक ठेवा. पुढच्या आठवड्यात रेग्युलेटर आणि परतीची नळी.