चिकटावे, पण सुटावेही

वेडेवाकडे दात तारेने सरळ करून घेणारी मुले आज गावोगाव दिसतात. पाहणाऱ्याचे लक्ष तारेकडे जाते. परंतु ती तार ज्या चिमुकल्या खाचेत बसवलेली असते ते ब्रॅकेट दाताला कशाच्या बळावर धरून राहते, हा प्रश्न सहसा कोणाला सुचत नाही. तेथे ना खिळा असतो, ना भोक. दात गुळगुळीत, तोंड सदैव ओले, आणि रोजचे चावणे तर चुकत नाही. अशा जागी दीड-दोन वर्षे एखादी वस्तू चिकटवून ठेवणे अवघड खरेच. पण त्याहून अवघड अशी आणखी एक अट आहे. काम संपताच ती वस्तू दाताला इजा न करता निघालीही पाहिजे. चिकटद्रव्याची खरी परीक्षा या दोन्ही अटी मिळून होते.

दाताचे बाहेरचे कवच म्हणजे इनॅमल किंवा दंतवल्क. आपल्या शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ होय. वजनाने त्याचा सुमारे 96 टक्के भाग खनिजाचा असतो. मात्र हाड मोडले तर सांधते, कातडी फाटली तर भरून येते, तसे दंतवल्काचे नाही. ते घडविणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत संपलेल्या असतात. गेलेला टवका पुन्हा उगवत नाही, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात ध्यानी ठेवावी.

पूर्वी या कामासाठी जवळजवळ प्रत्येक दाताभोवती धातूचे कडे चढवून ते सिमेंटने पक्के करीत. कडे बसवण्यासाठी दातांमध्ये फट करावी लागे, आणि सिमेंट निघून गेले की कड्याखाली कीड लागे. यातून वाट काढणारी कल्पना 1955 साली अमेरिकेतील रॉचेस्टर येथील मायकेल बुओनोकोर यांनी मांडली. धातूवर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत त्याचा पृष्ठभाग आधी फॉस्फोरिक आम्लाने तयार करीत. हाच उपाय दातावर का करू नये, असा त्यांनी विचार केला. आम्ल लावून धुतलेल्या दातांवर ॲक्रिलिकचे थेंब साध्या दातांवरच्या थेंबांपेक्षा कितीतरी पट अधिक काळ टिकून राहिले.

हे घडते कसे? जुन्या गुळगुळीत भिंतीवर गिलावा धरत नाही, म्हणून गवंडी छिन्नीने टोचे मारून ती खडबडीत करतो. आम्ल तेच काम करते. फरक इतकाच, की त्याचे टोचे सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. दंतवल्क बारीक दांड्यांच्या जुडग्याचे बनलेले असते. आम्लात या दांड्यांचा काही भाग जास्त विरघळतो, काही कमी, आणि पृष्ठभाग मधाच्या पोळ्यासारखा होतो. त्या छिद्रांत पातळ राळ शिरते, तेथेच घट्ट होते आणि तिची असंख्य मुळे दातात रुतून बसतात. गवंडी मात्र गिलाव्यापूर्वी भिंतीवर पाणी मारतो, तर दंतवैद्य दात कोरडा करतो. छिद्रे लाळेने भरली तर राळेला आत जागाच उरत नाही. ब्रॅकेट अवेळी निखळण्याचे हे एक मोठे कारण आहे.

पुढे 1962 साली रफाएल बोवेन यांनी दंतवैद्यकासाठी नव्या प्रकारच्या राळेचे पेटंट घेतले आणि 1965 साली जॉर्ज न्यूमन यांनी इपॉक्सीने ब्रॅकेट दाताला चिकटवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. आज बहुधा 37 टक्क्यांच्या आसपासचे आम्ल 15 ते 30 सेकंद लावतात आणि निळ्या प्रकाशाने राळ घट्ट करतात.

आता प्रश्न असा, की ही पकड किती असावी? 1975 साली रेनॉल्ड्स यांनी दिलेला अंदाज अजूनही आधाराला घेतला जातो : दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 60 ते 80 किलो. ब्रॅकेटचा तळ 3 मिलीमीटर रुंद आणि 4 मिलीमीटर लांब धरला, तर त्याने सुमारे 7 ते साडेनऊ किलोचा जोर सोसला पाहिजे. प्रयोगशाळेत काढलेल्या दातावर ब्रॅकेट चिकटवून यंत्राच्या पात्याने ते ढकलतात आणि निखळतानाचा जोर मोजतात. तोंडात गरम चहा, थंड पाणी आणि वेडावाकडा दाब यांची भर पडते. म्हणून प्रयोगशाळेतील आकडा म्हणजे तोंडातील हमी नव्हे.

मग पकड दुप्पट का करू नये? येथेच खरी मेख आहे. दर चौरस सेंटीमीटरला 100 किलोच्या आसपासही दंतवल्काला तडे गेल्याचे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे ‘पुरेसे’ आणि ‘फार’ यांत अंतर थोडेच. चिनी मातीसारख्या पदार्थाची, दाताच्या रंगाची ब्रॅकेट्स निघाली तेव्हा काहींचा तळ रासायनिक रीतीने राळेला इतका घट्ट धरी, की काढताना दंतवल्काचे टवके निघाले. म्हणून तोडायचेच तर ब्रॅकेट आणि राळ यांच्यामध्ये तुटावे, हे बरे. दातावर राहिलेली राळ जपून घासून काढता येते. गेलेले दंतवल्क परत आणता येत नाही. काढल्यानंतर दातावर किती राळ उरली हे 0 ते 3 अशा आकड्यांत मोजण्याची पद्धत आर्तुन आणि बर्गलंड यांनी 1984 साली दिली.

आपल्याकडे यात आणखी एक अडचण येते. यवतमाळ, चंद्रपूर अशा जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक असते. त्यामुळे डागाळलेल्या दातांच्या वरच्या थरावर आम्लाचा परिणाम कमी होतो आणि तेथे ब्रॅकेट बसवताना वैद्याला अधिक काळजी घ्यावी लागते.

तेव्हा ऊस सोलू नका, सुपारी फोडू नका, असे वैद्य सांगतो तो उगीच धाक नव्हे. चिकटद्रव्याची ताकद मुद्दामच मर्यादेत ठेवलेली असते. आणि काढण्याचा दिवस आला की पक्कड घरच्याने हाती घेऊ नये, हेही तितकेच महत्त्वाचे. ब्रॅकेट दोन वर्षांचा पाहुणा आहे. दात जन्माचा सोबती आहे. पाहुण्याची सोय करावी, पण घराची भिंत पाडून नव्हे.