ओझोनची रंगीत तालीम

हृदयविकाराच्या झटक्यात बंद पडलेली रक्तवाहिनी लवकरात लवकर उघडावी लागते, हे आता घरोघरी ठाऊक आहे. पण रक्त परत येतानाही काही पेशी मरतात. रक्ताविना राहिलेल्या पेशींत सक्सिनेट नावाचं रसायन साठतं. ऑक्सिजन मिळताच मायटोकाँड्रिया ते भराभर जाळू लागतात आणि त्या घाईत पेशींना इजा करणाऱ्या फ्री रॅडिकल्सचा लोंढा सुटतो. केंब्रिजच्या संशोधकांनी 2014 मध्ये ही साखळी उलगडून दाखवली.

पेशींना वाचवण्याची वाट मात्र त्याआधीच, 1986 मध्ये, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात दिसली होती. चार्ल्स मरी, रॉबर्ट जेनिंग्ज आणि कीथ रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक रक्तवाहिनी 5 मिनिटं बंद केली, 5 मिनिटं मोकळी सोडली. असं चार वेळा. मग तीच सलग 40 मिनिटं बंद ठेवली. एवढ्या छळानंतर हृदयाचा जास्त भाग मरायला हवा होता. प्रत्यक्षात ही तालीम न झालेल्या कुत्र्यांच्या मानाने तो जेमतेम चौथा हिस्सा मेला! रक्तप्रवाह 3 तास थांबवला तेव्हा मात्र हे संरक्षण उरलं नाही.

लहान इजेने मोठ्या इजेची तयारी करण्याचा हाच विचार हवानात ओल्गा सोनिया लिऑन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओझोनपर्यंत नेला. हा वायू फुप्फुसांना घातक, म्हणून त्यांनी तो ऑक्सिजनात मिसळून उंदरांना गुदमार्गे दिला, 15 मात्रांत. मग मूत्रपिंडाचा, यकृताचा रक्तपुरवठा रोखून पुन्हा सुरू केला, तेव्हा नुकसान कमी झालेलं आढळलं. ओझोनच्या सौम्य माऱ्याने पेशींची स्वतःची ऑक्सिडीकरणविरोधी एन्झाइमं वाढतात, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. क्यूबातल्या या चिकाटीच्या कामाची दखल फारशी घेतली गेली नाही, ही खेदाची गोष्ट.

पण एवढ्यावरून ओझोन थेरपीच्या जाहिराती खऱ्या ठरत नाहीत. दंडाला पट्टा आवळून केलेल्या अशाच तालमीचे प्राण्यांमधले निष्कर्षही आशादायक होते. 2019 मध्ये युरोपातल्या 5000 हून अधिक हृदयरुग्णांवर ती तपासली, तेव्हा काहीच लाभ दिसला नाही. ओझोनची त्या तोलाची परीक्षा झालेलीच नाही.

शिवाय झटका आगाऊ वर्दी देऊन येत नाही, मग आधीच्या 15 मात्रा द्यायच्या कधी? यकृताच्या ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत मात्र रक्तप्रवाह कधी रोखायचा, हे सर्जनच्या हातात असतं. ओझोनची खरी चाचणी आधी तिथे व्हायला हवी.