पोवळ्याचं माहेर

आजीच्या पोवळ्याच्या माळेचा दोरा कुजला होता, म्हणून ती ओवून घ्यायला मी वाशीच्या एका सराफांकडे गेले. त्यांनी मणी पांढऱ्या कापडावर ओतले, डोळ्याला भिंग लावलं आणि एकेक मणी बोटांत फिरवून बाजूला ठेवायला लागले. शेवटी दोन मणी वेगळे राहिले. "ताई, हे दोन काचेचे. कधीतरी मूळचे फुटले असतील, त्या जागी घातलेत." भिंग माझ्या हातात दिलं. खऱ्या पोवळ्यात लाकडात असतात तशा बारीक, समांतर रेषा होत्या. काचेत टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा. "बाकी सगळं इटालियन आहे," ते म्हणाले. पेढीवर इटालियन म्हणजे भूमध्य समुद्रातलं, अस्सल. त्या एका शब्दाचा माग काढत मी केल्ट लोकांपर्यंत जाऊन पोचले.

वाट दाखवली प्लिनीनं. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावलेला हा रोमन लेखक. त्याच्या 'नॅचरल हिस्टरी'च्या बत्तिसाव्या खंडात पोवळ्याची माहिती आहे. सर्वांत उत्तम पोवळं गॉलच्या दक्षिण किनाऱ्यावर, स्टोइखाडेस बेटांपाशी मिळतं, असं तो सांगतो. ही बेटं आजच्या फ्रान्समधल्या तूलाँ शहराजवळची. रोमन बायकांना भारतीय मोत्यांचं जेवढं अप्रूप, तेवढंच भारतातल्या पुरुषांना पोवळ्याचं. तिथले ज्योतिषी ते अंगावर बाळगलं की संकट टळतं असं मानतात, हेही त्याला ठाऊक आहे. आणि मग येतं ते मला खिळवून ठेवणारं वाक्य: गॉल लोक पूर्वी तलवारी, ढाली, शिरस्त्राणं पोवळ्यानं मढवत, पण आता त्याची विक्री इतकी वाढली आहे की ते त्याच्या मायभूमीतच क्वचित दिसतं.

गॉल म्हणजे केल्टच. त्यांचं एक साम्राज्य कधी नव्हतं. सारख्या भाषा बोलणाऱ्या, सारखे दागिने नि शस्त्रं घडवणाऱ्या टोळ्या आयर्लंड-स्पेनपासून थेट आजच्या तुर्कस्तानातल्या अंकाऱ्यापर्यंत पसरल्या होत्या. इ.स.पू. 390च्या सुमारास त्यांनी रोम लुटलं, इ.स.पू. 52 मध्ये आलेसियाच्या वेढ्यात सीझरनं त्यांचा नेता व्हर्सिंगेटोरिक्स याला शरण आणलं. त्या नावातला 'रिक्स' म्हणजे राजा, आपल्या 'राजन्'चा सख्खा भाऊबंद. त्यांचे द्रुइड नावाचे पुरोहित विद्या लिहून ठेवत नसत. सीझर सांगतो, काही शिष्य वीस वर्षं पाठांतर करत. घनपाठी वैदिकांच्या देशात हे वेगळं समजावून सांगायला नको. पण आपल्याकडे पाठ टिकला, त्यांचा त्यांच्याबरोबर गेला. म्हणून त्यांच्याविषयी आपण वाचतो ते बहुतेक त्यांच्या शत्रूंनी लिहिलेलं.

वस्तू मात्र त्यांच्या स्वतःच्या. फ्रान्समधल्या आग्री इथल्या गुहेत 1981 मध्ये सापडलेलं इ.स.पू. चौथ्या शतकातलं शिरस्त्राण सोन्याच्या पत्र्यानं मढवलेलं आहे, आणि त्यावर पोवळ्याचे तुकडे चांदीच्या रिव्हेटनी बसवलेत. लॉरेनमधल्या बास-युत्स इथे 1927 मध्ये कामगारांना सापडलेल्या काशाच्या दोन सुरया आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांची मूठ म्हणजे कुत्र्यासारखं लांब अंगाचं जनावर आणि तोटीवर एक इवलंसं बदक. सुरई कलती केली की बदक धारेवर पोहतंय असं वाटावं. ज्यानं हे घडवलं त्याला मी रानटी म्हणू शकत नाही. सुरईच्या बैठकीवर आणि गळ्यापाशी पोवळं जडवलंय, आणि त्याच सुरईवर लाल काचही आहे.

इथे प्लिनीचं म्हणणं मला अर्धंच पटतं. पोवळ्याऐवजी लाल काच वापरायला केल्ट कारागिरांनी सुरुवात केली ती इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकात. मोसमी वाऱ्यांवर रोमन व्यापाऱ्यांची जहाजं भारताकडे भरभरून यायला लागली ती इ.स.पू. पहिल्या शतकाच्या अखेरीस. तेव्हा सगळा दोष आपल्या हौसेवर टाकता येणार नाही. पण प्लिनीच्या काळी माल आपल्याकडे वाहत होता यात शंका नाही. त्याच शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-पुस्तिकेत भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी आहे: दारू, तांबं, कथील, शिसं आणि पोवळं. भडोचहून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, त्यापुढे दहा दिवसांवर तेर, असं अंतरही दिलंय. कल्याण बंदराबद्दल मात्र तक्रार आहे. तिथे पूर्वी रीतसर व्यापार चाले, आता ग्रीक जहाज तिथे गेलं तर पहारा बसवून भडोचला नेतात. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्याची ही झळ.

वाशीच्या पुलावरून मी रोज जाते त्या खाडीनं उत्तरेला निघालं तर ठाण्यापाशी उल्हास नदी लागते आणि तिच्या काठानं वर कल्याण. कान्हेरीच्या लेण्यांत त्या कल्याणच्या दात्यांचे लेख आहेत. त्यांतल्या एकात सामिदत नावाच्या सुवर्णकारानं पाण्याचं टाकं दान दिल्याची नोंद आहे. त्याच्या पेढीवर पोवळं होतं की नाही, लेखात नाही. पण त्या बंदरातल्या सोनाराच्या हातून तो लाल मणी कधी गेलाच नसेल, हे मला मानवत नाही.

पुढे ते पोवळं आपलंच झालं. नवरत्नांत मंगळाचं रत्न ठरलं. सारस्वतांच्या मंगळसूत्रात सोन्याच्या मण्यांशेजारी जाऊन बसलं. माझ्या आजीला ते समुद्रपारचं आहे असं कुणी सांगितलं असतं, तर तिनं हसण्यावारी नेलं असतं.

चार दिवसांनी माळ आणायला गेले. काचेचे दोन मणी काढून खरे घालू का, सराफांनी विचारलं. मी नको म्हटलं. माळ ओवणाऱ्या पटवेकऱ्यांनी ते मागच्या बाजूला, गोंड्याजवळ ओवले आहेत.